कुटजनिर्णय : एका औषधी वृक्षाच्या नांवाची कागदोपत्रीं झालेली हानि

आपल्या संग्राहक मंडळींच्या दप्तरांत सनदा, वतनपत्रें, शकावल्या, बखरी व पोथ्या यांस मानाचें स्थान असतें आणि तें योग्यच आहे. परंतु ज्या जुन्या घरांतून हे कागद निघतात, त्याच घरांत बहुधा एखादें लांबट बाडही सांपडतें. त्याच्या कडा तेलकट झालेल्या असतात, अक्षर दोन-तीन पिढ्यांचें असतें, आणि आंत काढे, चूर्णें, लेप, बाळगुट्या व गुरांचे उपचार अशी सरमिसळ असते. त्यांत राजाचें नांव नसतें, मिती क्वचितच असते. म्हणून तें बाजूस ठेवलें जातें, आणि बाजूस ठेवलेली वस्तु पावसाळ्याच्या किंवा वाळवीच्या स्वाधीन होण्यास फार काळ लागत नाहीं. अशा बाडांत इतिहासाचें कोणतें साधन दडलेलें असतें व तें किती अल्प कारणानें नष्ट होतें, हें कुडा या एकाच झाडाच्या नांवाचा माग काढून दाखवावें, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आरंभ मला माझ्या स्वतःच्या प्रमादापासून करणें भाग आहे. सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं दक्षिण कोंकणांतील एका शाळेंत मी नुकताच संस्कृतचा शिक्षक म्हणून लागलों होतों. जवळच्या गांवीं एक वैद्यकी चालविणारें घराणें होतें. त्या घरच्या वृद्ध गृहस्थांनीं आपल्या आजोबांचें मोडी बाड माझ्या स्वाधीन करून त्याची बालबोध नक्कल करून देण्याची विनंति केली. मीं ती दोन महिन्यांत पुरी केली. मूळ बाडांत अतिसार, प्रवाहिका, मूळव्याध व जुना ताप यांवरील योगांत एका झाडाचें नांव वारंवार येत असे. कोठें ‘धवो कुडो’, कोठें ‘काळो कुडो’, तर कोठें नुसतें ‘कुडो’. कॉलेजांतून ताज्याच बाहेर पडलेल्या मला हीं विशेषणें गांवढळ वाटलीं. ‘कुडा’ म्हणजे ‘कुटज’ हें मला कोशावरून ठाऊक होतें. मीं सर्वत्र ‘कुटज’ असें शुद्ध रूप घालून दिलें. नक्कल देखणी झाली. गृहस्थ संतुष्ट झाले. मूळ बाड त्यांनीं माळ्यावर ठेवलें, आणि पुढील तिसऱ्या पावसाळ्यांत तें वाळवीनें खाल्लें. आज त्या घराण्याच्या विद्येचा माझी नक्कल हा एकमेव अवशेष आहे. तींत ‘कुटज’ हा शब्द एकोणीस वेळां येतो. त्यांपैकीं कोणत्या ठिकाणीं कोणता कुडा होता, हें आतां कोणासही सांगतां येणार नाहीं.

यांत हानि ती काय झाली, हें समजण्यासाठीं प्रथम झाडांची ओळख करून घेतली पाहिजे. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांस, कोंकणांत आणि घाटमाथ्यावर, कुडा या नांवानें निदान तीन वृक्ष ओळखले जातात. पांढरा कुडा हा वनस्पतिशास्त्रांत होलऱ्हेना प्युबेसेन्स या नांवानें प्रसिद्ध आहे. काळा कुडा हा राइटिया टिंक्टोरिया, आणि तांबडा कुडा हा राइटिया आर्बोरिया होय. तिन्ही एकाच कुळांतील असून तिघांसही पान तोडतांच पांढरा चीक येतो. तिघांच्या शेंगा जोडीनें लागतात व बियांस रेशमासारखे केस असतात. फुलें-शेंगा नसतांना केवळ पानांवरून भेद करणें नवशिक्यास कठीण पडतें. परंतु औषधाच्या दृष्टीनें भेद मोठा आहे. पांढऱ्या कुड्याची साल व बीं अत्यंत कडू असून प्रवाहिकेवर गुणकारी ठरलेलें द्रव्य त्यांतच असतें. काळ्या कुड्याच्या सालींत तो गुण नाहीं. आपल्या बाजारांत ‘कडू इंद्रजव’ आणि ‘गोडे इंद्रजव’ असा जो भेद गांधी दुकानदार करीत आले आहेत, तो याच दोन झाडांच्या बियांचा भेद आहे.

आमच्या प्राचीन ग्रंथकारांस हा भेद ठाऊक नव्हता असें समजण्याचें कारण नाहीं. चरकसंहितेच्या कल्पस्थानांतील पांचवा अध्याय वत्सककल्पाचा आहे. वत्सक म्हणजेच कुटज. त्या अध्यायांत या वृक्षाचे पुरुष आणि स्त्री असे दोन प्रकार सांगितले आहेत. ज्याचें फळ मोठें, फूल पांढरें व पान गुळगुळीत तो पुरुष. जी सांवळी, अरुण फुलांची व लहान फळांची ती स्त्री. पुरुष-कुटज म्हणजे आपला पांढरा कुडा, याविषयीं फारसा मतभेद दिसत नाहीं. स्त्री-कुटज म्हणजे काळा कुडा असें सामान्यतः मानितात. परंतु काळ्या कुड्याचें फूल पांढरें असतें, आणि अरुण हा वर्ण तांबड्या कुड्यास अधिक शोभतो. तेव्हां ‘सांवळी’ हें विशेषण एकास व ‘अरुणपुष्पा’ हें दुसऱ्यास लागू पडत असून ग्रंथकारानें दोन राइटिया एकाच लक्षणांत घेतल्या असाव्या, असें माझें अनुमान आहे. काळ्या कुड्याचीं पानें सुकतांना निळसर काळीं पडतात व त्यांपासून निळीसारखा रंगही काढीत असत. ‘काळा’ व ‘श्यामा’ हीं दोन्ही नांवें त्यावरूनच पडलीं असणें संभवनीय आहे. हें अनुमानच आहे, निर्णय नव्हे. येथें हेंही ध्यानांत ठेवावें कीं, उपलब्ध चरकसंहितेंतील कल्पस्थान हा भाग दृढबलानें पूर्ण केलेला आहे. म्हणून या भेदाची नोंद मूळ अग्निवेशतंत्राइतकी जुनी आहे असें ठामपणें म्हणतां येत नाहीं.

काव्यांतही हें झाड सुप्रसिद्ध आहे. मेघदूतांतील यक्ष मेघाचें स्वागत करितो तें कुटजाच्या ताज्या फुलांनींच. पर्वतावर उगवणारा म्हणून कुटज, डोंगरावरची मोगरी म्हणून गिरिमल्लिका, बियांवरून इंद्रयव, अशीं याचीं नांवें निघंटुकारांनीं एकत्र केलीं आहेत. शार्ङ्गधरसंहितेंतील कुटजारिष्ट अद्यापि वैद्यांच्या नित्य वापरांत आहे. परंतु पर्यायशब्दांची ही समृद्धीच पुढें घोटाळ्यास कारण झाली. श्लोकाच्या सोयीसाठीं एकाच झाडास दहा नांवें दिलीं गेलीं आणि एकच नांव दोन-चार झाडांस चिकटलें. ज्याच्या डोळ्यांसमोर झाड होतें त्यास यापासून बाध नव्हता. ज्याच्या समोर केवळ पोथी होती तो फसण्याचा संभव होता.

ही अडचण प्राचीनांनींही ओळखली होती. चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायांत असें सांगितलें आहे कीं, वनस्पतींचीं नांवें व रूपें अजपाल, मेंढपाळ, गोपाळ व इतर वनवासी यांस ठाऊक असतात. केवळ नामरूपज्ञानानें कोणी उत्तम वैद्य होत नाहीं, त्यासाठीं द्रव्याची योजना कळली पाहिजे, असेंही लगेच पुढें म्हटलें आहे. परंतु नामरूपाचा पहिला अधिकार कोणाचा, याविषयीं तेथें संशय ठेवलेला नाहीं. राजनिघंटूचा कर्ता नरहरि पंडित यानेंही अर्थ स्पष्ट व्हावा म्हणून कर्णाट व महाराष्ट्र या देशांच्या भाषांतील नांवांचा आश्रय केला. म्हणजे संस्कृत निघंटुकारास देशी नांव हें अशुद्ध रूप वाटत नव्हतें. तें त्यास संस्कृत नांवाचें प्रमाण वाटत होतें. मीं बालबोध नक्कल करितांना याच्या नेमकें उलट केलें.

आतां कागदांतील दुसऱ्या साक्षीकडे वळूं. ही साक्ष लॅटिन भाषेंतील आहे, पण तिच्यांत आपल्या भाषेचा व लिपीचा भाग आहे. कोचीन येथील डच ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी हेंड्रिक आड्रियान फान रेडे यानें मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा ग्रंथ तयार करविला. तो आम्स्टरडॅम येथें इ. स. १६७८ पासून १६९३ पर्यंत बारा खंडांत छापला गेला. त्यांत ७४२ वनस्पतींचीं वर्णनें असून मोठ्या आकाराचीं ताम्रपटावरून छापलेलीं चित्रें आहेत. रेडे स्वतः ग्रंथ पूर्ण झालेला पाहूं शकला नाहीं. इ. स. १६९१ च्या डिसेंबरांत मुंबईजवळ समुद्रावर असतां त्याचा अंत झाला व त्याचें दफन सुरतेस करण्यांत आलें.

या ग्रंथाची रचना कशी झाली, हें आपल्या विषयास फार उपयुक्त आहे. माहिती सांगणारा मुख्य पुरुष इट्टि अच्युतन् हा चेर्तलेजवळचा वैद्य होता. त्याचें ज्ञान त्याच्या घरच्या ग्रंथावर व दीर्घ अनुभवावर आधारलेलें होतें, असें त्यानें स्वतः लिहून दिलें आहे. तो मलयाळम भाषेंत सांगे, दुभाषा एमॅन्युएल कार्नेरो त्याचें पोर्तुगीज करी, आणि त्या पोर्तुगीजावरून लॅटिन होई. त्याच्या बरोबरीनें रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट असे तीन कोंकणी ब्राह्मण या कामीं होते. गोमंतकांत पोर्तुगीज सत्तेचा जाच सुरू झाल्यावर तेथून निघून कोचीनास स्थायिक झालेल्या समाजांतील ते होत. या सर्वांनीं इ. स. १६७५ च्या एप्रिल महिन्यांत आपापल्या सहीचीं प्रमाणपत्रें दिलीं. तिघां पंडितांचें पत्र कोंकणी भाषेंत व नागरी अक्षरांत आहे आणि पहिल्या खंडाच्या आरंभीं तें जसेंच्या तसें कोरून छापिलें आहे. त्यांनीं आधाराकरितां ज्या ग्रंथाचा उपयोग केला, त्याचें नांव लॅटिन भाषांतरांत ‘महानिघंटु’ याच्या अपभ्रंशासारखें उतरलें आहे. शके १५९७ चें तें वर्ष, म्हणजे रायगडावरील राज्याभिषेकास एक वर्षही पुरें झालें नव्हतें. त्या काळीं यूरोपांत छापल्या गेलेल्या नागरी अक्षरांचे नमुने बोटांवर मोजण्याइतके होते.

ग्रंथांतील पुष्कळ चित्रांवर त्या त्या वनस्पतीचें नांव लॅटिन, मलयाळम, अरबी व नागरी अशा चार लिपींत कोरलें आहे. रेडे यास संस्कृत येत नव्हतें व मलयाळमही त्यास दुभाष्यावांचून कळत नसे. तरीही देशी नांव देशी अक्षरांत ठेवावें, त्याचें लॅटिन रूप करून मूळ पुसूं नये, एवढी सावधगिरी त्यानें घेतली. या सावधगिरीचें फळ आज दिसतें. इट्टि अच्युतन् याच्या घरचे ताडपत्री ग्रंथ आज उपलब्ध नाहींत. तिघां पंडितांनीं वापरलेली निघंटूची पोथीही उपलब्ध नाहीं. परंतु नांवें, चित्रें व वर्णनें एकत्र राहिल्यामुळें केरळांतील वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. के. एस्. मणिलाल यांस या वनस्पती पुन्हा रानांत शोधून त्यांची ओळख पटवितां आली. त्यांनीं आयुष्याचीं अनेक वर्षें या एका ग्रंथास दिलीं, आणि त्यांनीं केलेलें इंग्रजी भाषांतर केरळ विद्यापीठानें इ. स. २००३ मध्यें प्रसिद्ध केलें.

पहिल्याच खंडांत ‘कोडगपाल’ या नांवानें कुड्याचें चित्र आहे. कुटज शब्दाचें मलयाळम रूप व चीक असणाऱ्या झाडांस तिकडे लावण्यांत येणारा ‘पाल’ हा शब्द यांच्या योगानें हें नांव झालें. अतिसारावरील याचा उपयोगही तेथें नोंदला आहे. येथपर्यंत झाड, नांव व गुण हीं तिन्ही एका ठिकाणीं होतीं.

तीं एकमेकांपासून विलग झालीं तीं स्वीडन देशांत. सुप्रसिद्ध शास्त्रज्ञ लिनेयस यानें इ. स. १७५३ मध्यें आपल्या ग्रंथांत जगांतील ज्ञात वनस्पतींस द्विपदी नांवें दिलीं. त्यानें हिंदुस्थान पाहिला नव्हता. सिंहलद्वीपांत पॉल हर्मान यानें जमविलेल्या सुकविलेल्या वनस्पती त्यानें अभ्यासिल्या होत्या आणि रेडे याचीं चित्रें त्याच्या समोर होतीं. हर्मानच्या संग्रहांत पांढऱ्या फुलांचें एक सिंहली झुडूप होतें. रेडे याच्या चित्रांत मलबारचा कुडा होता. दोन्ही त्यास एक वाटलीं. त्यानें दोहोंस मिळून ‘नेरियम अँटिडिसेंटेरिकम’ म्हणजे ‘प्रवाहिका हरण करणारा कण्हेर’ असें एक नांव दिलें. गुण मलबारच्या झाडाचा होता व नमुना सिंहलद्वीपाच्या झाडाचा होता. त्याच्यासारख्या काटेकोर पुरुषाकडून असा घोटाळा झाला, त्याचें कारण तेंच होतें जें माझ्या बाबतींत होतें. कागदावर दोन वस्तु एकसारख्या दिसल्या, आणि नांव सुटसुटीत करण्याची घाई झाली.

इ. स. १८१० च्या सुमारास रॉबर्ट ब्राउन यानें या कुळाची फोड करून राइटिया व होलऱ्हेना अशा दोन निराळ्या प्रजाति स्थापिल्या. त्यामुळें झाडें सुटीं झालीं, पण नांवांचा गुंता पूर्वींसारखाच राहिला. वनस्पतिशास्त्राच्या नियमांनुसार लिनेयसचें जुनें नांव सिंहली झुडुपाकडे गेलें. म्हणून ज्यास आज ‘राइटिया अँटिडिसेंटेरिका’ म्हणतात, तें बागेंत शोभेसाठीं लावण्याचें पांढऱ्या फुलांचें झुडूप आहे. आणि जो खरोखर प्रवाहिकेवर उपयोगी, त्या पांढऱ्या कुड्याचें आज मान्य असलेलें नांव ‘प्युबेसेन्स’, म्हणजे केवळ ‘लवदार’, असें आहे. पुष्कळ औषधी ग्रंथांत त्याच झाडास ‘होलऱ्हेना अँटिडिसेंटेरिका’ हें जुनें नांव अद्यापि चालू आहे. तेव्हां कोणी केवळ ‘अँटिडिसेंटेरिका’ एवढ्या शब्दावर विसंबेल, तर तो कोणत्या झाडापाशीं पोंचेल याचा नेम नाहीं. येथें एक योगायोग सांगण्याजोगा आहे. होलऱ्हेना हा शब्द ग्रीक भाषेंतील ‘पूर्ण’ व ‘पुरुष’ या अर्थाच्या दोन शब्दांपासून, फुलांतील पुंकेसरांच्या रचनेवरून, बनविलेला आहे. चरकसंहितेनें याच झाडास ‘पुरुष’ म्हटलें होतें. ब्राउन यास चरकसंहिता ठाऊक असण्याचा संभव नाहीं. म्हणून यावरून कांहीं सिद्ध होत नाहीं, हें उत्साही वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.

हा घोटाळा ग्रंथांतच राहिला असता तर त्याचें एवढें महत्त्व नसतें. परंतु हीच साल ‘कोनेसी साल’ किंवा ‘तेलिचेरी साल’ या नांवानें यूरोपच्या बाजारांत जात होती. प्रथम तिची कीर्ति झाली, मग गुण येत नाहीं अशी ओरड झाली, आणि ती मागें पडली. त्याचें एक प्रमुख कारण असें कीं, तिच्यांत निरुपयोगी अशी काळ्या कुड्याची साल मिसळली जात असे किंवा तिच्या ऐवजीं तीच दिली जात असे. मुंबईस सरकारी औषधभांडाराचे प्रमुख असलेले डॉ. विल्यम डायमॉक यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह इ. स. १८९० ते १८९३ च्या दरम्यान प्रसिद्ध केलेल्या ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ या ग्रंथांत या दोन झाडांच्या घोटाळ्याचा ऊहापोह केला आहे.

रसायनशास्त्रांतही याची छाया पडली. पांढऱ्या कुड्याच्या सालींतील मुख्य क्षारसत्त्व प्रथम वेगळें केलें तें मुंबईंत. इ. स. १८५८ मध्यें हेन्स यानें त्याची माहिती प्रसिद्ध केली व बाजारांतील सालीच्या नांवावरून त्यास ‘कोनेसीन’ असें म्हटलें. पुढें सहा वर्षांनीं स्टेनहाउस यानें तेंच सत्त्व बियांतून काढिलें. परंतु बीं राइटियाचें आहे अशा समजुतीनें त्यास ‘राइटीन’ असें नांव दिलें. लिनेयसच्या नेरियमवरून ‘नेरीन’ असेंही त्याचें एक नांव रूढ झालें. एकाच पदार्थास तीन नांवें, आणि त्यांपैकीं दोन नांवें तो ज्यांत सांपडत नाहीं अशा झाडांचीं. रसायनशास्त्राच्या कोशांत हीं तिन्ही नांवें आजही पर्याय म्हणून दिलेलीं आढळतात.

औषधाच्या गुणाविषयीं मतभेद होण्यास दुसरेंही एक कारण होतें, तें येथें सांगितलें पाहिजे. अन्यथा सर्व दोष नांवावर टाकण्याचा अन्याय घडेल. ज्यास आपण प्रवाहिका म्हणतों तो एकच रोग नव्हे. इ. स. १८७५ मध्यें सेंट पीटर्सबर्ग येथें लॉश यास रुग्णाच्या मळांत अमीबा हा सूक्ष्म जीव दिसला, आणि इ. स. १८९७ मध्यें जपानांत शिगा यानें निराळ्याच जंतूमुळें होणारी प्रवाहिका दाखवून दिली. कुड्याच्या सत्त्वाचा परिणाम मुख्यतः पहिल्या प्रकारावर होतो. म्हणजे खरी साल दिली तरी दुसऱ्या प्रकारच्या रोग्यास तसाच गुण येईल असें नव्हतें. कलकत्त्यास कर्नल रामनाथ चोप्रा व त्यांचे सहकारी यांनीं या सालीचा पद्धतशीर अभ्यास केला, व चोप्रांच्या इ. स. १९३३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या देशी औषधींवरील ग्रंथांत तिचें सविस्तर विवेचन आहे. तत्पूर्वीं इ. स. १९१२ मध्यें कलकत्त्यासच लिओनार्ड रॉजर्स यानें एमेटीन टोंचून देण्याची पद्धत प्रचारांत आणिली होती. इ. स. १९६० नंतर मेट्रोनिडॅझोल हें औषध आल्यावर या दोहोंचेंही महत्त्व आधुनिक चिकित्सेंत उतरलें. तेव्हां कुडा हें सर्वांवर रामबाण आहे असें प्रतिपादन मला करावयाचें नाहीं. माझें म्हणणें एवढेंच आहे कीं, कोणत्याही औषधाचा गुण पारखण्यापूर्वीं तें औषध कोणतें, हें निश्चित असावें लागतें. आणि तो निश्चय कागदांतील नांवावर अवलंबून असतो.

यांत रानाचाही संबंध येतो. औषधासाठीं लागते ती साल, फळ नव्हे. खोडाभोंवतालची साल सर्व बाजूंनीं सोलली कीं वरचा भाग वाळून जातो. नांवाच्या घोटाळ्यानें मजुरानें काळ्या कुड्यास कोयता लाविला, तर औषध मिळत नाहीं व झाड मात्र जातें. मग खऱ्या औषधासाठीं दुसरें झाड सोलावें लागतें. एका औषधासाठीं दोन झाडें जातात. शुष्क सालीचे तुकडे झाल्यावर भेद ओळखणें कठीण, म्हणून आज प्रयोगशाळांतून सूक्ष्मदर्शकानें व रासायनिक कसोट्यांनीं त्यांची परीक्षा करावी लागते. जो भेद बाडांतील ‘धवो’ या दोन अक्षरांनीं होत असे, त्याच्यासाठीं आतां इतकें साहित्य लागतें.

सेवानिवृत्त झाल्यावर मीं त्या गांवीं पुन्हा गेलों. वैद्यांच्या घराचा केवळ चौथरा राहिला आहे. गांवाबाहेरच्या सड्यावर शेळ्या चारणारी एक वृद्धा भेटली. तिला मीं कुडा कोणता म्हणून विचारिलें व जवळच्या एका फांदीचीं पानें न्याहाळूं लागलों. ती म्हणाली, “मास्तरांनू, पानार काय बघतास? शेंगो बघा.” मग तिनें दोन झाडें दाखविलीं. एकाच्या जोडशेंगा टोंकाशीं एकमेकींस चिकटलेल्या होत्या, तो काळो. दुसऱ्याच्या शेंगा लांब, बारीक व सुट्या लोंबत होत्या, तो धवो. त्याचें बीं तिनें माझ्या हातावर ठेविलें. जिभेवर ठेवतांच त्याचा कडूपणा ध्यानीं आला, आणि बराच वेळ गेला नाहीं. वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांत या दोन वृक्षांच्या शेंगांचा भेद नेमका असाच दिलेला आहे. चरकसंहितेनें अजपालांस नामरूपाचे जाणते कां म्हटलें, हें इतकीं वर्षें तो भाग शिकवूनही मला त्या दिवशीं प्रथम कळलें.

परंतु तिच्या साक्षीनेंही माझ्या नकलेंतील एकोणीस स्थळांचा निर्णय होत नाहीं. अतिसारावरील योगांत पांढरा कुडा असावा, असें अनुमान करितां येईल. त्वचेच्या रोगांवर कोंकणांत काळा कुडा वापरतात, म्हणून लेपांत तो असेल, असेंही म्हणतां येईल. पण हें मी आजच्या ज्ञानावरून मागें लादीत आहें. त्या वैद्यानें काय लिहिलें होतें याचा तो पुरावा नव्हे. कदाचित् त्यानें अतिसारावरही काळा कुडा मुद्दाम लिहिला असेल, आणि त्यांतच त्याचा कांहीं विशेष असेल. तो विशेष माझ्या शुद्ध लेखणीखालीं गेला.

म्हणून संग्राहक बंधूंस चार गोष्टी सुचविण्याची अनुज्ञा असावी. वैद्यकी बाड हातीं आल्यास तें दप्तरांतील इतर कागदांच्या बरोबरीनें जपावें व त्याची यादींत स्वतंत्र नोंद करावी. नक्कल करितांना नांवें जशीं आहेत तशींच उतरावीं. ‘कुडो’ असेल तर ‘कुडो’, ‘कुड्याचें मूळ’ असेल तर तेंच. संस्कृत पर्याय द्यावयाचा असल्यास तो समासांत, आपल्या अक्षरांत, आपलें मत म्हणून द्यावा. बाड कोणत्या गांवचें, कोणत्या बोलीचें, हें पहिल्या पानावर लिहून ठेवावें, कारण एका तालुक्याचा काळा कुडा दुसऱ्या तालुक्याचा काळा कुडा असेलच असें नाहीं. आणि शक्य असेल तेथें, त्या गांवच्या जाणत्या मनुष्याकडून झाड ओळखून घेऊन त्याची फुलाशेंगांसह एक डहाळी कागदांत दाबून बाडासोबत ठेवावी. रेडे यानें साडेतीनशें वर्षांपूर्वीं तांब्याच्या पत्र्यावर जें काम करविलें, तेंच हें अल्प प्रमाणांत होईल.

माझी ती नक्कल मीं अजून जपून ठेविली आहे. तिच्या पहिल्या पानावर मीं अलीकडेच एक टीप लिहिली : या प्रतींत जेथें जेथें ‘कुटज’ असा शब्द आहे, तेथें मूळांत ‘कुडो’ असा शब्द होता, बहुतेक ठिकाणीं त्याच्या मागें विशेषण होतें, तें नकलकारानें गाळिलें. टिपेखालीं माझें नांव व मिती घातली आहे. पुढेंमागें हें बाड कोणा अभ्यासकाच्या हातीं पडल्यास, त्यांतील कोणत्या शब्दावर विश्वास ठेवूं नये, एवढें तरी त्यास कळावें.